आता खेळी तुमची

सावंतवाडीहून घाट चढून सुमारे ३० किलोमीटर गेले की आंबोली लागते. समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवरच्या या गावात वर्षाकाठी ७०० सेंटिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. अशा दिवसांत मुलांचे खेळ घरात येतात. पूर्वी पट, सोंगट्या, पत्ते निघत. आज बहुतेक घरांत मोबाइल निघतो. त्यावर मुले जे खेळ खेळतात त्यांतला एक प्रकार शिक्षकांनी मुद्दाम समजून घ्यावा असा आहे. यात खेळणारा एखाद्या काल्पनिक राज्यातला वीर, जादूगार किंवा वैद्य होतो, तीनचार सोबती घेऊन निघतो, वाटेत राक्षस भेटतात, आणि लढाई बुद्धिबळासारखी आळीपाळीने होते. आधी तुमची खेळी, मग राक्षसाची, मग पुन्हा तुमची. मधे वीज गेली किंवा आईने हाक मारली तरी राक्षस थांबून राहतो. तुम्ही विचार करून खेळी केल्याशिवाय तो हालत नाही.

या खेळांतले चांगले खेळ सोपे नसतात. एकाच राक्षसापुढे दहा-बारा वेळा हार खावी लागते. आणि इथेच शिक्षकाला पडणारा प्रश्न उभा राहतो. भागाकाराचे एक गणित चुकले की जो मुलगा वही मिटतो, तोच मुलगा अकरा वेळा हरूनही बाराव्यांदा त्याच राक्षसासमोर उभा का राहतो? ‘खेळ म्हटला की मुले रमतातच’ हे त्याचे उत्तर नव्हे. कंटाळवाणे खेळ मुले पाच मिनिटांत टाकून देतात. तेव्हा अवघडपणातच आनंद असतो तो कसा, हे पाहायला हवे.

खेळाचे तीन घटक

या खेळाची फोड केली तर तीन घटक हाती लागतात: भूमिका, आळीपाळी आणि दान. गंमत अशी की हे तिन्ही घटक सावंतवाडी-आंबोलीच्या परिसराला अनोळखी नाहीत.

पहिला घटक भूमिका. सिंधुदुर्गात आणि गोव्यात भाताची कापणी झाली की जत्रांतून दशावतारी नाटके सुरू होतात. त्यांची संहिता लिहिलेली नसते. आख्यान कोणते आणि कोण काय होणार एवढे ठरते. संवाद नट रंगभूमीवर ऐन वेळी रचतो. पण तो वाटेल ते बोलू शकत नाही. त्याला समोरच्याच्या बोलण्याला उत्तर द्यायचे असते, आपल्या पात्राला शोभेल असेच बोलायचे असते आणि कथा ठरल्या ठिकाणी न्यायची असते. म्हणजे नियमांच्या चौकटीत राहून निवड करण्याचे स्वातंत्र्य त्याला असते. भूमिका घेऊन खेळायच्या खेळाचे तत्त्व नेमके हेच आहे.

दुसरा घटक आळीपाळी. सावंतवाडीचे गंजिफा पत्ते आपण ऐकून किंवा पाहून असाल. हे पत्ते गोल असतात, हाताने रंगवून त्यांवर लाखेचा थर देतात. गंजिफा हा खेळ इराणकडून भारतात आला. बाबराच्या आत्मचरित्रात १५२७ सालच्या नोंदींत त्याचा उल्लेख आहे, आणि अकबराच्या काळातल्या ‘ऐन-ए-अकबरी’त त्याचे वर्णन आहे. पुढे आपल्याकडे त्याचे दशावतारी रूप झाले. विष्णूचे दहा अवतार हे दहा रंग. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा असे १२ पत्ते, म्हणजे एकूण १२० पत्ते. मत्स्याच्या पत्त्यांवर मासे, कूर्माच्या पत्त्यांवर कासवे, परशुरामाच्या पत्त्यांवर परशू. ही कला लोप पावू लागली होती. सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी १९७० च्या दशकात राजवाड्यात कारागीर तयार करून तिला पुन्हा उभारी दिली.

आज हे पत्ते बहुधा भेटवस्तू म्हणून विकत घेतले जातात. खेळ म्हणून त्यांच्याकडे पाहिले तर तो किती कठीण आहे हे कळते. तिघे जण खेळले तर प्रत्येकाकडे ४० पत्ते येतात. पाच रंगांत राजा-प्रधानांनंतर दश्शी मोठी, तर उरलेल्या पाच रंगांत एक्का मोठा. हुकमाचा रंग नाही. एखाद्या रंगाचा राजा पडून गेला की त्या रंगात प्रधान सर्वांत मोठा, तोही गेला की पुढचा. म्हणजे दहाही रंगांत या क्षणी सर्वांत मोठा पत्ता कोणता उरला आहे हे ज्याच्या ध्यानात राहील तो जिंकेल. पत्ते वाटण्याचे प्रकार किती होतात, याचे गणित केले तर उत्तर १ वर ५५ शून्ये एवढे येते. आपल्या नेहमीच्या ५२ पत्त्यांच्या ब्रिजमध्ये ते ५ वर २८ शून्ये एवढेच असते. कोणताही डाव पूर्वी पडलेल्या डावासारखा निघण्याची शक्यता जवळजवळ नाही. म्हणून इथे पाठांतर चालत नाही. पडलेले पत्ते स्मरणात ठेवायचे आणि त्यांवरून अनुमान काढायचे, हाच मार्ग.

तिसरा घटक दान. आंबोलीच्या रानात बेहडा आहे. त्रिफळा चूर्णातला बेहडा तो हाच. संस्कृतात त्याचे नाव बिभीतक, आणि वैदिक काळी याच झाडाच्या बियांनी द्यूत खेळत. महाभारताच्या वनपर्वातली नलकथा आपण मुलांना सांगतो, पण तिच्यातला गणिताचा भाग बहुधा गाळून सांगतो. द्यूतात राज्य हरलेला नल ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. वाटेत एक बेहड्याचे झाड दिसते. ऋतुपर्ण नुसत्या नजरेने त्याच्या फांद्यांवरची पाने आणि फळे किती ते सांगतो. नल रथ थांबवून फळे मोजतो, तर संख्या बरोबर निघते. मग ऋतुपर्ण त्याला संख्येची आणि फाशांची विद्या देतो, आणि मोबदल्यात अश्वविद्या घेतो. थोड्या भागावरून पूर्णाचा अंदाज बांधणे आणि दानाचे गणित जाणणे या दोन गोष्टी या कथेने एकाच विद्येत गुंफल्या आहेत. संभाव्यताशास्त्राच्या इतिहासकारांना या कथेचे अप्रूप वाटते ते त्यामुळेच.

तीन घटक एकत्र आले

भूमिका, आळीपाळी आणि फासे हे तिन्ही एका खेळात बांधण्याचे काम अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी केले. त्यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. तो कागद, पेन्सिल आणि फाशांनी खेळतात. त्यात नेहमीच्या सहा बाजूंच्या फाशाबरोबर ४, ८, १२ आणि २० बाजूंचेही फासे लागतात. भूमितीत आपण ज्या पाच सम घनाकृती शिकवतो त्याच या! सगळ्या बाजू सारख्या असल्यामुळे प्रत्येक बाजू पडण्याची संभाव्यता समान, म्हणून त्यांची निवड.

हा खेळ संगणकावर चढला तोही एका शैक्षणिक यंत्रणेवर. इलिनॉय विद्यापीठात १९६० सालापासून ‘प्लेटो’ नावाची, संगणकाद्वारे शिकवण्याची यंत्रणा विकसित होत होती. १९७५ च्या सुमारास तिथल्या विद्यार्थ्यांनी धड्यांच्या फायलींत लपवून असे खेळ लिहिले. व्यवस्थापक ते पुसून टाकत, विद्यार्थी पुन्हा लिहीत. पुढे १९८१ मध्ये घरगुती संगणकांसाठी ‘विझर्ड्री’ आला, १९८६ मध्ये जपानमध्ये ‘ड्रॅगन क्वेस्ट’ आणि १९८७ मध्ये ‘फायनल फँटसी’ निघाला. संगणक मंद होते म्हणून सुरुवातीला आळीपाळीची पद्धत सोयीची होती असे म्हणता येईल. पण आज संगणक कितीतरी वेगवान झाले तरी ती टिकून आहे. २०२३ साली आलेल्या ‘बॉल्डर्स गेट ३’ या गाजलेल्या खेळात पडद्यावर २० बाजूंचा फासा घरंगळताना दिसतो आणि राक्षस आपली वेळ येईपर्यंत थांबून राहतो. बोटांच्या चपळाईऐवजी विचाराला वाव देणारा खेळ लोकांना हवाच असतो, एवढाच याचा अर्थ.

राक्षसाशी एक लढाई

आता एक छोटी लढाई फळ्यावर मांडून पाहू. आपल्या वीराकडे दोन उपाय आहेत. तलवार मारली की राक्षसाची शक्ती हमखास ६ ने कमी होते. मंत्र टाकला तर निम्म्या वेळा तो लागतो आणि शक्ती १६ ने कमी होते. निम्म्या वेळा फुकट जातो. मंत्राची सरासरी १६ च्या निम्मी, म्हणजे ८ येते. ती तलवारीच्या ६ पेक्षा जास्त. मग नेहमी मंत्रच टाकावा, नाही का?

थांबा. आपला वीर थकला आहे. राक्षसाचा आणखी एक घाव तो सोसेल, दुसरा सोसणार नाही. म्हणजे आपल्याला दोनच खेळ्या मिळणार. आता राक्षसाची किती शक्ती उरली आहे त्यावर उत्तर कसे बदलते ते पाहा.

उरलेली शक्ती १२ असेल तर दोनदा तलवार मारली की ६ आणि ६ मिळून १२, विजय निश्चित. दोनदा मंत्र टाकला तर एकदा तरी लागण्याची संभाव्यता पाऊण. इथे सरासरीने कमी असलेली तलवारच योग्य.

उरलेली शक्ती १६ असेल तर दोन तलवारींनी राक्षस पडत नाही. एक तलवार आणि एक मंत्र वापरला तर मंत्र लागलाच पाहिजे, म्हणजे संभाव्यता अर्धी. दोनदा मंत्र टाकला तर दोहोंपैकी एक लागला तरी पुरतो, म्हणजे पाऊण. इथे मंत्र योग्य.

उरलेली शक्ती १८ असेल तर? दोन तलवारी अपुऱ्या. मंत्र एकदा लागून १६ च जातात, म्हणून दोन्ही मंत्र लागले पाहिजेत, संभाव्यता पाव. पण एक तलवार आणि एक मंत्र मिळून २२ होतात, आणि त्याची संभाव्यता अर्धी. इथे मिश्र उपाय योग्य.

तीन परिस्थिती, तीन वेगळी उत्तरे. ‘सरासरी जास्त ते चांगले’ हा नियम इथे अपुरा पडतो. आपल्याकडे किती वेळ आहे आणि किती हवे आहे, हेही पाहावे लागते. अवर्षणप्रवण भागातला शेतकरी जास्त पण बेभरवशाचे पीक घ्यावे की थोडे पण खात्रीचे, असा विचार करतो तेव्हा तो हेच गणित सोडवत असतो. प्रत्यक्ष खेळात दोन नव्हे तर वीस-पंचवीस उपाय असतात, तीनचार सोबती असतात, आणि शत्रूचे गुणदोष हरूनच कळतात. हरलेली प्रत्येक लढाई काही माहिती देऊन जाते. बाराव्या लढाईत उतरणारा मुलगा पहिल्या लढाईतला मुलगा राहिलेला नसतो.

अवघड तरी हवेसे

मिहाय चिक्सेंटमिहायी या मानसशास्त्रज्ञाने बुद्धिबळपटू, गिर्यारोहक, शल्यविशारद अशांना त्यांच्या कामात कोणता आनंद मिळतो याचा अभ्यास केला आणि १९७५ मध्ये तो पुस्तकरूपाने मांडला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: काम आपल्या कुवतीच्या मानाने फार सोपे असेल तर कंटाळा येतो, फार अवघड असेल तर धास्ती वाटते. या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात माणूस कामात इतका गुंगतो की वेळेचे भान राहत नाही. शिक्षकांना वायगॉट्स्कीची आठवण होईल. मूल एकट्याने जे करू शकते आणि थोड्या मदतीने जे करू शकते, त्यांमधल्या क्षेत्रात शिकणे घडते असे तो म्हणत असे.

चांगला अवघड खेळ मुलाला या पट्ट्यात धरून ठेवतो तो चार गोष्टींमुळे. काय साधायचे आहे ते स्पष्ट असते. केलेल्या खेळीचे उत्तर लगेच मिळते. विचार करायला हवा तेवढा वेळ मिळतो. आणि हरण्याची किंमत थोडी असते. हरल्यावर कोणी हसत नाही, वहीवर लाल रेघ उमटत नाही, पुन्हा सुरुवात करता येते.

आता भागाकाराच्या गणिताकडे पाहा. वही तपासून दोन दिवसांनी मिळते. फुली दिसते, पण पायरी कुठे चुकली ते कळत नाही. वेळ संपलेली असते. आणि चूक चारचौघांत जाहीर होते. मुलगा वही मिटतो तो गणित अवघड असते म्हणून नव्हे, तर हरण्यातून पुढे जाण्याची वाट दिसत नाही म्हणून. यावर उपाय गणित सोपे करणे हा नाही. ती वाट दाखवणे हा आहे.

खेळ फसवतो तेव्हा

मात्र सगळेच खेळ असे गुणी नसतात. काही खेळांत अडचण बुद्धीने सुटत नाही. पैसे भरले की सुटते. काहींत बक्षिसाची बंद पेटी असते आणि तिच्यात काय निघेल ते निव्वळ दैवावर. केव्हा मिळेल ते सांगता येत नाही अशा बक्षिसासाठी प्राणी एकच क्रिया पुन्हापुन्हा करत राहतो, हे स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवरच्या प्रयोगांतून दाखवून दिले होते. असा खेळ खेळणारा शिकत काहीच नाही, नुसता अडकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मान्य केलेल्या रोगांच्या यादीत खेळाच्या अनावर सवयीचा समावेश आहे, आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा भारतात २०२५ मध्ये संमत झाला.

दोन्ही प्रकार ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. मुलाला विचारावे, ‘काल का हरलास? आज काय वेगळे करशील?’ ज्याला याचे उत्तर देता येते तो खेळत आहे. ज्याला ‘नशीब’ एवढेच सांगता येते त्याला खेळवले जात आहे. नल राज्य हरला तेव्हा आणि परत जिंकला तेव्हा फासे तेच होते. मधल्या काळात तो मोजायला शिकला, एवढाच फरक.

वर्गात करून पाहा

असा खेळ संगणकाशिवाय वर्गातही करता येतो. आंबोलीच्या परिसरात एक छोटा भेक आढळतो. त्याची वाघासारखी पट्टेदार जाती शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये स्वतंत्र म्हणून नोंदली. जांभ्याच्या सड्यावर पावसाच्या सुरुवातीला जी उथळ डबकी साचतात, त्यांत तो अंडी घालतो. पावसाने ओढ दिली तर डबके आटते आणि अंडी मरतात. फार थांबावे तर हंगाम निघून जातो. या पेचावर हा खेळ बेतला आहे. त्यातले आकडे खेळाच्या सोयीचे आहेत, निसर्गातले नव्हेत.

चार-चार मुलांचे गट करा. प्रत्येक गट म्हणजे एक भेक-कुटुंब. प्रत्येक गटाला १० चिंचोके द्या, ही अंडी. फळ्यावर डबक्याचे चित्र काढून पाणी १ असे लिहा. एकूण ८ दिवस खेळायचे. रोज सकाळी प्रत्येक गटाने आपसांत चर्चा करून शून्य ते ३ अंडी डबक्यात घालावी. मग एका मुलाने फासा टाकावा. १ किंवा २ पडले तर उघडीप: पाणी १ ने कमी. ३ ते ६ पडले तर पाऊस: पाणी १ ने वाढले. पाणी शून्यावर आले तर डबक्यातली सगळी अंडी मेली, आणि पुन्हा पाऊस पडेपर्यंत अंडी घालता येणार नाहीत. जी अंडी चार फासे पडेपर्यंत टिकली त्यांची पिल्ले झाली आणि ती बाहेर पडली. ज्यांची पिल्ले जास्त ते कुटुंब जिंकले.

खेळ दोनदा झाला की प्रश्न विचारा. पहिल्याच दिवशी अंडी घातली तर लगेच डबके आटण्याची संभाव्यता किती? सहापैकी दोन, म्हणजे एक तृतीयांश. पाणी २ झाल्यावर घातली तर? सलग दोन उघडिपींनीच ते लगेच आटेल, म्हणजे एक नवमांश. मग थांबणेच बरे ना? पण पाचव्या दिवसानंतर घातलेली अंडी चार फासे पाहूच शकत नाहीत. एक दिवस थांबले तर चार दिवस उरतात आणि दहाही अंडी घालता येतात. दोन दिवस थांबले तर जास्तीत जास्त नऊच. मुले हे स्वतः शोधून काढतात, आणि ‘सगळी अंडी एकाच दिवशी घालू नयेत’ हा नियमही कोणी न सांगता त्यांच्या हाती लागतो. संभाव्यता, अनुकूलन आणि पावसाचा लहरीपणा असे तीन धडे एकाच खेळात होतात.

एक पथ्य मात्र पाळा. हरलेल्या गटाला योग्य खेळी सांगून टाकू नका. फासा त्यांच्या हाती द्या आणि म्हणा, ‘पुन्हा पहिला दिवस. पाणी १. आता खेळी तुमची.’